मामाच्या मुलीवर खापर फोडण्याआधी: हार्डी-वाइनबर्ग समतोल कसा तपासायचा

प्रकल्पाचे आकडे हार्डी-वाइनबर्ग समतोलात, म्हणजे जनुकांच्या जोड्यांच्या अपेक्षित प्रमाणात, बसले नाहीत की मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याकडे एक उत्तर तयार असतं: ‘सर, आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करतात.’ परीक्षकही मान डोलावतात. रीत खरी आहे आणि उत्तर ऐकायला शास्त्रीय वाटतं. पण शंभर-दोनशे नमुन्यांच्या अभ्यासात हे उत्तर जवळजवळ कधीच बरोबर नसतं, आणि ते साध्या गुणाकार-भागाकाराने दाखवता येतं. त्यासाठी आधी चाचणी नीट करता आली पाहिजे. हा लेख एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसाठी आणि वैद्यकीय महाविद्यालयात छोटा अभ्यास करणाऱ्या निवासी डॉक्टरांसाठी आहे. म्हणजे एक ते वीस जनुकीय जागा (जिथे माणसामाणसांत जनुक वेगळं असतं), शंभर ते चारशे माणसं आणि हाताशी एक्सेल असलेला संगणक.

नियम, लागतो तेवढाच

१९०८ साली केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी ‘सायन्स’ नियतकालिकाला एक छोटं पत्र लिहिलं. त्याच वर्षी स्टुटगार्टचे डॉक्टर विल्हेल्म वाइनबर्ग यांनीही स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष मांडला. एका जागी जनुकाची अ आणि ब अशी दोन रूपं, म्हणजे दोन अ‍ॅलील आहेत, त्यांची वारंवारता अनुक्रमे पी आणि क्यू आहे, आणि जोडीदार निवडताना त्या जनुकाचा काही संबंध येत नाही, असं धरा. मग पुढच्या पिढीत अअ, अब (विषमयुग्मी, म्हणजे आई-वडिलांकडून वेगवेगळी रूपं मिळालेली माणसं) आणि बब यांचं प्रमाण पी², २×पी×क्यू आणि क्यू² असं येतं. स्थलांतर, निवड, उत्परिवर्तन नको, लोकसंख्या मोठी हवी, वगैरे अटी कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळतील.

पाठ्यपुस्तकात एक गोष्ट मात्र पुरेशी ठसत नाही. हा समतोल एकाच पिढीत प्रस्थापित होतो. म्हणून एखादा तांडा कित्येक पिढ्या आपल्याच समाजात सोयरिकी करत आला असेल, तर त्याच्या अ‍ॅलीलची वारंवारता शेजारच्या गावापेक्षा वेगळी झालेली असू शकते, पण तांड्याच्या आत समतोल शाबूत असू शकतो. नात्यातल्या लग्नांनी समतोल ढळायला त्या गटातली कोणतीही दोन माणसं जितकी नात्यात असतात, त्याहून नवरा-बायको एकमेकांच्या जवळचे असावे लागतात. ‘जातीतच लग्न’ आणि ‘जवळच्या नात्यात लग्न’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रबंधांमध्ये त्या सर्रास एकाच वाक्यात कोंबलेल्या दिसतात.

पहिली पायरी: नमुना कोणाचा घ्यायचा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि त्या नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाहीत.

आधी ठरवा की तुमची ‘लोकसंख्या’ म्हणजे कोण. ‘मराठवाड्यातले लोक’ ही प्रशासकीय व्याख्या झाली, जनुकीय नव्हे. छत्रपती संभाजीनगर ते नांदेड, आठ जिल्ह्यांत मराठा, वंजारी, धनगर, बंजारा, बौद्ध, मातंग, लिंगायत, मुस्लिम, आंध, गोंड असे अनेक समाज राहतात आणि बहुतेक लग्नं समाजाच्या आतच होतात. एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रांगेत उभे असलेले दोनशे लोक म्हणजे दहा-बारा वेगळ्या लोकसंख्यांची बेरीज. असा नमुना घ्यायला हरकत नाही. पण समाज आणि पोटशाखा संमतीपत्रात विचारून, संमतीने नोंदवून ठेवा, म्हणजे नंतर आकडे वेगळे करून पाहता येतील. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संस्थेच्या नीतिविषयक समितीची मंजुरी आणि सहभागी माणसाला समजेल अशा भाषेतली संमती लागतेच. तांड्यावर जाणार असाल तर बंजाऱ्यांची गोरमाटी बोलणारा माणूस बरोबर असू द्या. समाजाचं नाव अहवालात छापायचं की नाही, हेही आधी ठरवा. ‘अमुक समाजात दोष’ असा मथळा एकदा वर्तमानपत्रात आला की खुलासा कोणी वाचत नाही.

दुसरं, नमुने एकमेकांच्या नात्यातले नकोत. चाचणीचं गणित प्रत्येक माणूस स्वतंत्र आहे असं धरतं. गावात शिबिर लावलं की एकाच भावकीतली चाळीस माणसं येऊन बसतात, आणि आडनाव वेगळं आहे म्हणजे नातं नाही असं आपल्याकडे म्हणता येत नाही. म्हणून आडनावाबरोबर आईचं माहेर आणि आजोळचं गाव विचारा. दोन नमुन्यांचं आजोळ एकाच घरात निघालं तर त्यातला एकच ठेवा. आई-वडील लग्नाआधी नात्यात होते का, हेही त्याच फॉर्मवर विचारून घ्या: मामे-आते, मावस, चुलत की मामा-भाची. हा रकाना पुढे फार कामी येतो.

तिसरं, वेळ. बीड जिल्ह्यातल्या धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार या पट्ट्यात दिवाळीनंतर नमुने गोळा केले तर गावातले ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर गेलेले असतात. मागे म्हातारी माणसं आणि ज्यांना जायची गरज नाही अशी घरं उरतात. गावाचा नमुना हवा असेल तर टोळ्या परत आल्यावर, उन्हाळ्यात जा.

चौथं, रुग्णालयातून नमुने घेताना आजाराचा संबंध तपासा. नांदेड जिल्ह्यातल्या किनवट-माहूर भागात सिकलसेलचा अभ्यास करायचा आहे आणि नमुने वॉर्डातून घेतले, तर आजारी म्हणजे दोन्ही जनुकं सदोष असलेली माणसं गरजेपेक्षा जास्त येणार. समतोल ढळलेला दिसेल, पण तो लोकसंख्येत ढळलेला नाही, तुमच्या निवडीत ढळला आहे. उलट प्रौढांच्याच शिबिरातून नमुने घेतले तर बालपणीच दगावलेली मुलं त्यात नसतात आणि आकडे दुसरीकडे झुकतात.

दुसरी पायरी: जीनोटाइप वाचणं

चाचणीला अअ, अब आणि बब हे तिन्ही प्रकार (जीनोटाइप) वेगवेगळे मोजलेले हवेत. सिकलसेलची सॉल्युबिलिटी चाचणी वाहक (एकच सदोष प्रत असलेले) आणि रुग्ण यांच्यात फरक करत नाही, दोन्ही पॉझिटिव्ह. तिच्या आकड्यांवर समतोल तपासताच येत नाही. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी करूनच पुढे जा.

पीसीआरने डीएनएचा तुकडा वाढवून जेलवर त्याची लांबी पाहणाऱ्यांसाठी दोन उदाहरणं नीट समजून घेण्यासारखी आहेत, कारण आपल्याकडच्या प्रकल्पांत हीच दोन जनुकं वारंवार येतात.

एमटीएचएफआर जनुकातला सी६७७टी बदल. १९८ बेसजोड्यांचा तुकडा मिळतो. टी अ‍ॅलील असेल तर हिन्फ-वन एन्झाइम त्याचे १७५ आणि २३ असे दोन भाग करतं. २३ चा तुकडा जेलवर बहुधा दिसतच नाही. टीटी माणसात एन्झाइमने अर्धवट काम केलं तर १९८ आणि १७५ असे दोन्ही पट्टे दिसतात आणि तुम्ही त्याला सीटी लिहिता. रात्रभर ठेवलेल्या इन्क्युबेटरची वीज मध्येच गेली की हे होतंच, आणि उन्हाळ्यातलं भारनियमन काही जनुकशास्त्र बघून येत नाही. परिणाम: विषमयुग्मी जास्त दिसतात. शिवाय १९८ आणि १७५ मधला फरक पातळ अ‍ॅगरोजवर कळत नाही. तीन-चार टक्क्यांचं जेल किंवा पॉलिअ‍ॅक्रिलामाइड वापरा.

एसीई जनुकातला इन्सर्शन-डिलीशन बदल याच्या बरोबर उलट वागतो. इथे सुमारे ४९० आणि १९० बेसजोड्यांचे दोन तुकडे मिळतात. पीसीआरमध्ये लहान तुकडा जोमाने वाढतो, मोठा मागे पडतो, आणि आयडी माणूस (एक इन्सर्शन, एक डिलीशन) डीडी म्हणून नोंदला जातो. विषमयुग्मी कमी दिसतात. उपाय माहीत असलेला आहे: डीडी आलेला प्रत्येक नमुना फक्त इन्सर्शन ओळखणाऱ्या प्रायमरने (पीसीआर सुरू करणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्याने) पुन्हा चालवा. तो खर्च वाचवून केलेला एसीईचा अभ्यास मी तरी गंभीरपणे वाचत नाही.

तिसरी पायरी: हिशेब

सरावासाठी मनाने घेतलेले आकडे: २०० माणसं, अअ १०४, अब ७२, बब २४.

अ अ‍ॅलील मोजा. प्रत्येक अअ माणसाकडे दोन, अब माणसाकडे एक. २०८ + ७२ = २८०. एकूण अ‍ॅलील ४००. पी = २८० ÷ ४०० = ०.७०, क्यू = ०.३०.

अपेक्षित संख्या: अअ ०.४९ × २०० = ९८; अब ०.४२ × २०० = ८४; बब ०.०९ × २०० = १८.

काय-स्क्वेअरसाठी (प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्यांमधली तफावत मोजणारा आकडा) प्रत्येक प्रकारातल्या फरकाचा वर्ग करून तो अपेक्षित संख्येने भागा. ३६ ÷ ९८ = ०.३६७; १४४ ÷ ८४ = १.७१४; ३६ ÷ १८ = २.०००. बेरीज ४.०८.

डिग्री ऑफ फ्रीडम (मोकळेपणाने बदलू शकणाऱ्या आकड्यांची संख्या) एक. दोन नव्हे. प्रकार तीन आहेत, पण एकूण संख्या ठरलेली आहे आणि पी आपण त्याच आकड्यांतून काढला आहे, म्हणून तीनातून दोन वजा. एक्सेलचं तयार काय-स्क्वेअर टेस्ट फंक्शन इथे फसवतं, कारण पी आकड्यांतूनच काढलाय हे त्याला माहीत नसतं. काय-स्क्वेअरची किंमत स्वतः काढा आणि उजव्या शेपटीची संभाव्यता देणाऱ्या फंक्शनला डिग्री ऑफ फ्रीडम एक असं हाताने सांगा. पाच टक्क्यांसाठी उंबरठा ३.८४१, एक टक्क्यासाठी ६.६३५. आपलं ४.०८ म्हणजे संभाव्यता (समतोल असतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा जास्त फरक दिसण्याची) सुमारे ०.०४३. समतोल ढळला, असं पाच टक्क्यांच्या नियमाने म्हणावं लागेल.

आता आणखी एक आकडा काढा, जो बहुतेक जण काढत नाहीत. एफ = १ − (प्रत्यक्ष विषमयुग्मी ÷ अपेक्षित विषमयुग्मी). इथे १ − ७२/८४ = ०.१४३. एफ धन असेल तर विषमयुग्मी कमी, ऋण असेल तर जास्त. दोन अ‍ॅलीलच्या जागेसाठी काय-स्क्वेअर म्हणजे नमुन्यांची संख्या गुणिले एफचा वर्ग: २०० × ०.०२०४ = ४.०८. तेच उत्तर. पुढचा सगळा वाद या एका सूत्रावर मिटतो.

चौथी पायरी: आकडे लहान असतील तर

कुठल्याही प्रकाराची अपेक्षित संख्या पाचपेक्षा कमी असेल तर काय-स्क्वेअर सोडून द्या आणि एक्झॅक्ट टेस्ट करा. पन्नास माणसं घ्या: अअ ४५, अब ४, बब १. क्यू = ६ ÷ १०० = ०.०६, बब अपेक्षित फक्त ०.१८. काय-स्क्वेअर येतो ४.२३, संभाव्यता ०.०४. निष्कर्ष काढायचा मोह होतो.

एक्झॅक्ट टेस्ट असं विचारते: ब अ‍ॅलील एकूण सहा आहेत, ते पन्नास माणसांत किती तऱ्हांनी पडू शकतात? विषमयुग्मी सहा, चार, दोन किंवा शून्य, एवढ्याच चार तऱ्हा. सहाच्या तऱ्हेला सध्या १ धरा. पुढच्या तऱ्हेसाठी आधीची किंमत घ्या, तिला विषम × (विषम − १) ने गुणा आणि ४ × (अअ + १) × (बब + १) ने भागा. विषम, अअ, बब हे आधीच्या तऱ्हेतले आकडे. चारसाठी ३० ÷ १८० = ०.१६६७. दोनसाठी ०.१६६७ × १२ ÷ ३६८ = ०.००५४. शून्यासाठी त्याहूनही क्षुल्लक. सगळ्यांची बेरीज १.१७२१, प्रत्येकाला तिने भागलं की संभाव्यता ०.८५३, ०.१४२, ०.००५ आणि जवळजवळ शून्य. आपल्याला मिळालेली तऱ्हा आणि तिच्याहून दुर्मीळ तऱ्हा मिळून ०.१४७.

म्हणजे ०.०४ चं ०.१४७ झालं आणि ‘समतोल ढळला’ हे विधान गळून पडलं. एका बब माणसावर उभा राहिलेला निष्कर्ष होता तो. नमुने जास्त असतील तर हा हिशेब ‘आर’ या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमधलं हार्डीवाइनबर्ग पॅकेज किंवा प्लिंक क्षणात करून देतं, पण एकदा हाताने केला की आउटपुट वाचताना भीती राहत नाही.

पाचवी पायरी: ढळला असेल तर का ढळला

पहिल्या उदाहरणाकडे या. एफ ०.१४३. हे नात्यातल्या लग्नांमुळे असू शकतं का?

नात्यातल्या लग्नांनी विषमयुग्मी मुलं घटतात आणि ती घटही एफनेच मोजतात. मामे-आते भावंडांच्या मुलाचा एफ असतो १/१६, म्हणजे ०.०६२५. मामा-भाचीच्या मुलाचा १/८, म्हणजे ०.१२५, अशी लग्नं शेजारच्या तेलंगणात आणि कर्नाटकात होतात. म्हणजे नमुन्यातल्या दोनशेच्या दोनशे जणांचे आई-वडील मामा-भाची असते, तरी ०.१४३ च्या आतच अपेक्षा ठेवावी लागली असती.

आता उलट बाजूने पाहा. समजा पाचात एक लग्न मामाच्या मुलीशी झालं आहे. सरासरी एफ = ०.०६२५ ÷ ५ = ०.०१२५. दोनशे नमुन्यांत त्याने काय-स्क्वेअरमध्ये पडणारी भर: २०० × ०.०१२५² = ०.०३. उंबरठा ३.८४. या एफने नुसतं उंबरठ्यापर्यंत पोचायला सुमारे साडेचोवीस हजार नमुने लागतील. आणि सगळीच्या सगळी लग्नं मामाच्या मुलीशी झाली असं धरलं तरी दोनशे नमुन्यांत ही भर ०.७८ च्या पुढे जात नाही. रीत कितीही रुजलेली असो, तुमच्या चाचणीला ती दिसतच नाही. दोनशे नमुन्यांत एफच्या अंदाजातली नैसर्गिक चूकच साधारण ०.०७ असते.

मग काय दिसतं? जेल. याच उदाहरणात खरे आकडे ९८, ८४, १८ होते आणि बारा विषमयुग्मी चुकीचे वाचले गेले, सहा इकडे आणि सहा तिकडे, एवढंच धरा. दोनशेतले बारा. नवख्या हाताकडून सहा टक्के चूक होणं यात काही नवल नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी जेलचे फोटो दुसऱ्या माणसाकडून, पहिलं वाचन न दाखवता, पुन्हा वाचून घ्या. मग जो प्रकार संशयास्पद आहे त्यातले नमुने पुन्हा चालवा. विषमयुग्मी कमी असतील तर एखादं अ‍ॅलील वाढलंच नसेल किंवा प्रायमरच्या जागीच दुसरा बदल असेल. जास्त असतील तर अर्धवट कापणी, नमुन्यांची सरमिसळ, किंवा जीनोममध्ये त्या तुकड्याची दुसरी प्रत असण्याची शक्यता. प्लेटनुसार, तारखेनुसार आकडे वेगळे करा. सगळा दोष एकाच दिवसाच्या बॅचमध्ये सापडला तर शोध संपला.

प्रयोगशाळा निर्दोष ठरली की लोकसंख्यांची मिसळ तपासा. समजा शंभर माणसांच्या दोन गटांत पी ०.९ आणि ०.५ आहे, आणि दोन्ही गट स्वतःपुरते पूर्ण समतोलात आहेत: ८१, १८, १ आणि २५, ५०, २५. एकत्र केले की १०६, ६८, २६. पी पुन्हा ०.७०, अपेक्षित पुन्हा ९८, ८४, १८, पण काय-स्क्वेअर ७.२६. कुठल्याच गटात काही बिघडलेलं नाही. फक्त बेरीज केली. स्वीडिश संख्याशास्त्रज्ञ स्टेन वाहलुंड यांनी १९२८ मध्ये दाखवलेला हा परिणाम. उदाहरणातला फरक मुद्दाम मोठा घेतला आहे. पी ०.६ आणि ०.८ असता तर काय-स्क्वेअर ०.४५ वरच थांबला असता. म्हणून मिसळीचं कारणही हवेत सोडू नका: समाजनिहाय आकडे वेगळे करा, प्रत्येकात चाचणी करा, गटांमधल्या पीमध्ये खरोखर मोठी तफावत आहे हे दाखवा, मगच लिहा.

नात्यातल्या लग्नांचा परिणाम बघायचाच असेल तर एका जागेवर अडून राहू नका. असा परिणाम जीनोमभर, सगळ्या जागांवर एकाच दिशेने पडतो. जेलची चूक एकाच जागेवर पडते. वीस जागा असतील तर वीस एफ काढा. एकोणीस शून्याच्या आसपास आणि एकच ०.१४ असेल तर ती जागा बिघडलेली आहे. फॉर्मवरचा आई-वडिलांच्या नात्याचा रकानाही इथे वापरा: नात्यातल्या लग्नांची मुलं बाजूला काढून चाचणी पुन्हा करा. एफ हलला नाही, तर मामाची मुलगी निर्दोष.

काही वेगळी प्रकरणं

रक्तगटांचे आकडे रक्तपेढीत आयते मिळतात, म्हणून एबीओवर प्रकल्प बरेच होतात. इथे ए गटाची माणसं एए आहेत की एओ, ते कळत नाही. फेलिक्स बर्नस्टाइन यांची जुनी युक्ती वापरा. ओ ची वारंवारता = ओ गटाच्या प्रमाणाचं वर्गमूळ. ए ची = १ − (बी आणि ओ गटांच्या एकत्र प्रमाणाचं वर्गमूळ). बी ची = १ − (ए आणि ओ गटांच्या एकत्र प्रमाणाचं वर्गमूळ). पाचशे जणांत ए ११५, बी १६५, एबी ४५, ओ १७५ असतील तर ०.५९२, ०.१७५, ०.२३८; बेरीज १.००५. ती एकच्या इतकी जवळ असणं हेच समतोलाचं पहिलं लक्षण. रीतसर चाचणीत प्रकार चार, काढलेल्या स्वतंत्र वारंवारता दोन, म्हणून डिग्री ऑफ फ्रीडम पुन्हा एकच. दुर्मीळ गटाच्या दात्यांना पेढीवाले फोन करून बोलावतात, त्यामुळे पेढीच्या नोंदवहीपेक्षा महाविद्यालयातल्या शिबिरातले पहिल्यांदा रक्त देणारे दाते बरे.

जीसिक्सपीडीसारख्या एक्स गुणसूत्रावरच्या जनुकासाठी पुरुषांकडे एकच प्रत असते. समतोलाची चाचणी स्त्रियांच्या आकड्यांवर करा. पुरुषांना विषमयुग्मी नसलेले म्हणून त्यात घातलं तर एफ उगाच फुगतो.

रुग्ण आणि निरोगी यांची तुलना असेल तर चाचणी निरोगी गटात करा. रुग्णांत समतोल ढळला तर तो आजाराशी असलेल्या संबंधाचाच पुरावा असू शकतो. निरोगी गटात ढळला तर मात्र तुलनेचा पायाच डळमळीत.

लिहिताना

वीस जागा पाच टक्क्यांवर तपासल्या तर एखादी निव्वळ योगायोगाने ढळलेली दिसणारच. ०.०५ ला वीसने भागून ०.००२५ हा उंबरठा धरा. संपूर्ण जीनोमच्या अभ्यासात याच कारणाने दहा लाखांत एक असे कडक उंबरठे लावतात.

समतोल टिकला तर ‘निवड नाही, स्थलांतर नाही, नात्यात लग्नं नाहीत’ असं लिहू नका. वरच्या गणितातून दिसलंच की छोट्या नमुन्यात यातलं बरंच काही लपून राहतं. ‘समतोलापासून लक्षणीय फरक आढळला नाही’ एवढंच लिहा. आणि तक्त्यात नुसतं ‘समतोलात’ असं न छापता प्रत्येक जागेसाठी, शक्य तिथे प्रत्येक समाजासाठी, अअ, अब, बब यांच्या प्रत्यक्ष संख्या, एफ, वापरलेली चाचणी, तिची संभाव्यता आणि किती नमुने पुन्हा चालवून पाहिले ते द्या. मूळ संख्या दिल्या की वाचणारा माणूस दोन मिनिटांत हिशेब पडताळू शकतो. जी जागा ढळली म्हणून विश्लेषणातून काढली, तिचे आकडेही त्याच तक्त्यात ठेवा.